४के मॉनिटर: दिवसा काम, रात्री गेम. घ्यावा का?

गोडोलीचा_गडी | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पुण्याचं भाडं परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला घरी आलो, तेव्हापासून घरूनच काम चालू आहे. काम कोडिंगचं, म्हणजे दिवसभर अक्षरंच वाचायची. मॉनिटर कॉलेजच्या वेळचा, २४ इंची, १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल). त्याच्या डाव्या कोपऱ्यात आता पिवळट डाग पडलाय आणि मी संध्याकाळी डोळे चोळत बसतो म्हणून आई रोज बोलते.

बजेट ३५ हजार. एकीकडे २७ इंची ४के (३८४०×२१६० पिक्सेल), पण ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार. दुसरीकडे २७ इंचीच, १४४०पी (२५६०×१४४०) आणि १८० हर्ट्झ. डेस्कटॉपमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे (१२ जीबी). ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, तोही याच स्क्रीनला लावायचाय. जेवणं झाली की तासभर गेम: मित्र असले तर व्हॅलोरंट, एकटा असलो तर एल्डन रिंग.

इथली तीन दुकानं पालथी घातली. दोघांकडे ४के मॉनिटर ठेवलेलाच नाही. तिसऱ्याकडे आहे, पण खोक्यात. "घेणार असाल तर फोडतो" म्हणाला. फोटो बघून म्हैस घेण्यातला प्रकार वाटतोय. कुणी वापरत असेल तर सांगा.

नाद_एकच | रात्री १०:२०

१८० हर्ट्झ घे भावा. ६० वर व्हॅलोरंट म्हणजे बैलगाडी शर्यतीत तीच म्हैस.

मिरज_जंक्शन | रात्री १०:२६

+१. फोटोतली म्हैस :)

कराडचा_मास्तर | रात्री ११:०५

आधी एक गोष्ट करा. रोज बसता तसे बसा आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा. त्याशिवाय ४के चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे.

कारण असं: धड नजर साधारण एका कलेपर्यंतचा फरक ओळखते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. म्हणजे एका पिक्सेलच्या रुंदीला साधारण ३४४० ने गुणलं की जे अंतर येतं, त्याच्या पलीकडून पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. तुमच्या २४ इंची १०८०पीचा पिक्सेल सुमारे ०.२८ मिमी, म्हणजे ९५ सेंमी. २७ इंची १४४०पीचा ०.२३ मिमी, म्हणजे ८० सेंमी. २७ इंची ४केचा ०.१६ मिमीच्या आत, म्हणजे ५३-५४ सेंमी. ३२ इंची ४के घेतला तर ६३ सेंमी.

तुम्ही मीटरभर लांब बसत असाल तर ४केचे पैसे पाण्यात.

गोडोलीचा_गडी | रात्री ११:१९

आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. ६२ सेंमी. टेबलच दोन फुटी आहे, मागे सरकायला भिंत आड येते.

कराडचा_मास्तर | रात्री ११:२४

मग १४४०पीचे पिक्सेल तुम्हाला दिसणार आणि २७ इंची ४केचे दिसणार नाहीत. बाकी निर्णय तुमचा.

पुणेकर_नाइलाजाने | रविवार, सकाळी ८:४०

मास्तर, गणित बरोबर, पण डोळा इतका सरळ नाही. दोन रेषा एकमेकींपासून किंचित सरकलेल्या असतील तर ते एका कलेपेक्षाही बारीक कळतं. अकरावीत व्हर्नियर कॅलिपर त्याच जोरावर वाचायचो ना आपण? अक्षराची तिरपी कड पायरीपायरीची दिसणं हा तोच प्रकार. त्यामुळे ७० सेंमीवरूनही ४केची अक्षरं जास्त शांत वाटतात.

कराडचा_मास्तर | सकाळी ९:०२

मान्य. व्हर्नियर काढलात म्हणजे बोलायची सोय नाही.

पत्रिकावाली_ताई | सकाळी १०:१५

मी सांगलीत विश्रामबागेत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळीत एखादा अंक. चार वर्षं ३२ इंची ४के वापरतेय, ६० हर्ट्झचा. गेममधलं मला काही कळत नाही, अक्षरांचं सांगते.

आधीच्या स्क्रीनवर एक पत्रिका केली होती. पाचशे प्रती छापून आल्या आणि वधूपिता बघतात तर "चि. सौ. का." कां वरचा अनुस्वार गायब. मी दोनदा वाचलं होतं, त्यांनी एकदा. कुणालाच दिसलं नाही, कारण त्या स्क्रीनवर लहान टायपात अनुस्वार असला काय नसला काय, सारखंच. पाचशेच्या पाचशे माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या. तेव्हा माझी पद्धतच अशी होती की स्क्रीनवर ठिपका दिसला की बोटाने पुसायचा. गेला तर धूळ, राहिला तर अनुस्वार.

इंग्रजी अक्षर साधं असतं हो. आपल्यात वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं. "राष्ट्र" किंवा "उद्ध्वस्त" आठ-नऊ पॉइंटात बघा जुन्या स्क्रीनवर, नुसता काळा गोळा. रु आणि रू सुद्धा ओळखू येत नाही. ४केवर आल्यावर पहिला आठवडा मी फक्त जुन्या फाइली उघडून स्वतःच्या चुका बघत होते.

पण दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. एक, जागा वाटते तितकी वाढत नाही. २७ इंचावर ४के जसंच्या तसं ठेवलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून विंडोज स्वतःच १५० टक्के सुचवतं. १५० टक्के केलं की पडद्यावर मावतं १४४०पीएवढंच. तेवढंच मावतं, फक्त रेखीव दिसतं. जास्तीचे पैसे या रेखीवपणाचे.

दोन, जुनी सॉफ्टवेअर. माझं पेजमेकर ४केवर उघडलं तर आयकॉन तिळाएवढे. एक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयची सेटिंग आहे. "सिस्टिम" निवडलं की सगळं मोठं पण पुसट, "ॲप्लिकेशन" निवडलं की स्पष्ट पण तीळ. मी पुसट निवडलं, पानाची अंतिम तपासणी पीडीएफवर करते.

चाळीशी_पार | सकाळी १०:५०

ताई, ३२ इंचीने मान दुखत नाही का? माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात, त्यामुळे स्क्रीनचा वरचा भाग वाचायला हनुवटी वर करावी लागते. दिवसभर आकाशातली विमानं मोजल्यासारखा बसतो.

पत्रिकावाली_ताई | सकाळी ११:१०

माझंही तेच झालं होतं. चष्मेवाल्याला सेंटीमीटरमध्ये अंतर सांगून फक्त स्क्रीनसाठी वेगळा चष्मा करून घेतला. आणि मॉनिटरखालची पुस्तकं काढून टाकली, उलट जितका खाली येईल तितका आणला.

कंदी_पेढा | सकाळी ११:१८

कुठलाही घ्या, फक्त समोर बसून भडंग खाऊ नका. शेंगदाण्याचं साल कीबोर्डात गेलं की जन्मात निघत नाही.

मिरज_जंक्शन | सकाळी ११:२३

भडंगाला नावं ठेवायची नाहीत. पेढा खाल्लेल्या बोटाने स्क्रीन दाखवणारे लोक पाहिलेत आम्ही. तुपाचा अंगठा.

पत्रिकावाली_ताई | सकाळी ११:३०

तो अंगठा काच पुसायच्या निळ्या पाण्याने काढू नका, एवढं सांगते. मॅट स्क्रीनवरचा थर जातो आणि कायमचा पांढुरका पट्टा राहतो. मऊ मायक्रोफायबर, साध्या पाण्याने जेमतेम ओलं केलेलं, आणि स्क्रीन बंद करून.

पुणेकर_नाइलाजाने | दुपारी १२:४०

मूळ प्रश्नाकडे. गडी, तुमचे दोन्ही पर्याय मला पटत नाहीत. तिसरा आहे: २७ इंची ४के, १४४ हर्ट्झच्या आसपासचा. हल्ली तुमच्या बजेटच्या जरा वर मिळतो.

३०६० ला नव्या जड गेममध्ये मूळ ४के झेपणार नाही, हे खरं. १४४०पीत ३७ लाख पिक्सेल, ४केत ८३ लाख, म्हणजे सव्वादोन पट काम. पण डीएलएसएस आहे ना, कमी पिक्सेलात चित्र काढून मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र. ४केला परफॉर्मन्स मोड लावला की कार्ड आतून १०८०पीच काढतं आणि वर चढवतं. क्वालिटी मोडला आतून १४४०पी. जवळून चिकित्सा केली तर फरक दिसतो, खेळताना दिसत नाही.

ज्या गेममध्ये डीएलएसएस नाही, तिथे सरळ १०८०पी लावा. ४केची रुंदी-उंची १०८०पीच्या बरोबर दुप्पट, त्यामुळे एका पिक्सेलचे चार, हिशोब पुरा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये इंटीजर स्केलिंग आहे, ३०६० वर चालतं. ४के मॉनिटरवर १४४०पी लावलं तर मात्र दीडपट होतं, आणि अर्धा पिक्सेल कुठे ठेवायचा म्हणून सगळं धुरकट होतं.

एल्डन रिंग पीसीवर सेकंदाला ६० फ्रेमलाच बांधलेला आहे, त्याला १८० हर्ट्झ काय करणार?

नाद_एकच | दुपारी १:०५

एल्डन रिंगचं मान्य. पण व्हॅलोरंटला डोळ्याने फरक कळतो. मी ६० वरून १६५ वर गेलो तर पहिल्या दिवशी माउस लोण्यासारखा फिरला. तुमचं ते १०८०पी चौपट करून १४४ हर्ट्झवर चालतं का?

पुणेकर_नाइलाजाने | दुपारी १:१२

मॉनिटर १४४चा असेल तर आरामात. म्हणून तर म्हणतोय, ६०चा नको.

नाद_एकच | दुपारी १:१५

मग आधी सांगायचं. माझा विरोध ६० ला होता, ४केला नाही.

कंदी_पेढा | दुपारी १:१६

वरती "विषय संपला" एवढंच लिहायचं राहिलं होतं तुमचं.

विट्याचा_विठू | दुपारी २:३०

ओएलईडी बघा की, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो तो पडदा. काळा रंग म्हणजे काळा.

पुणेकर_नाइलाजाने | दुपारी २:५२

गेमसाठी तोड नाही. पण यांच्या स्क्रीनवर दिवसाचे आठ तास तोच टास्कबार आणि तीच कोडची खिडकी, त्याचा ठसा उमटायची भीती. शिवाय बऱ्याच ओएलईडी मॉनिटरमध्ये लाल-हिरवा-निळा नेहमीच्या क्रमाने शेजारीशेजारी नसतात. विंडोजची अक्षरं गुळगुळीत करायची पद्धत तो क्रम धरून बनलेली, म्हणून अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते. आणि ३५ हजारात ४के ओएलईडी? विठूभाऊ, तुम्हीच द्या.

खोक्यावरच्या स्टिकरांचंही सांगतो. "एचडीआर ४००" (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवण्याचा दर्जा) दिसलं म्हणून पैसे जास्त देऊ नका. त्या दर्जासाठी बॅकलाइट भागाभागाने मंद होण्याची अटच नाही. एचडीआर चालू केला की काळं राखाडी होतं, आणि लोक दुसऱ्या दिवशी बंद करतात. "१ एमएस" (पिक्सेल बदलायला लागणारा वेळ) बहुतेक वेळा अशा मोडमध्ये मोजलेलं, ज्यात स्क्रीन निम्मी अंधारते. एचडीएमआय २.१ छापलंय म्हणून १४४ मिळेलच असंही नाही. त्या पोर्टवर ४केला किती हर्ट्झ, तेवढंच माहितीपत्रकात शोधा. तुमच्या कार्डाला डिस्प्लेपोर्ट १.४ आहेच, तो वापरा.

सफरचंद_सांगली | दुपारी ३:१०

मॅक असेल तर विचारही न करता ४के. २०१८ पासून मॅकने अक्षरांच्या कडांचं ते जुनं गुळगुळीत करणं बंद केलंय. १४४०पीवर अक्षरं खरखरीत दिसतात.

विट्याचा_विठू | दुपारी ३:३५

३२ इंचाच्या वर जाऊ नका, जीएसटी २८ टक्के आहे.

चाळीशी_पार | दुपारी ३:४१

होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ झाला. ३२ आणि त्याखालच्यांना आधीपासूनच १८ होता.

मिरज_जंक्शन | सायंकाळी ६:२०

पिक्सेल सगळ्यांनी सांगितले, बिघडल्यावर काय ते कुणीच बोललं नाही.

घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिसला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि विचारा: माणूस घरी येणार, की मी खोकं घेऊन जायचं? साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर. मांडीवर मॉनिटर धरून एसटीने जाणं काय असतं ते मी मिरजेहून केलंय. आणि किती मेलेले पिक्सेल असले तर बदलून देतात तेही विचारा. कितीतरी कंपन्या एकाला मोजतच नाहीत. त्यापेक्षा ऑनलाइनवाल्याच्या बदलून देण्याच्या मुदतीत स्वतःच बघून घ्या. पांढरा, काळा, करडा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावायचे. काळा बघताना खोलीत अंधार, कोपऱ्यातून उजेड गळतोय का ते तेव्हाच कळतं.

खोकं फेकू नका, थर्माकोलसकट ठेवा. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घरात तळमजल्यावर पाणी चढलं, तेव्हा आधी धान्य वर नेलं, मग टीव्ही, मग मॉनिटर. टीव्हीचं खोकं टाकून दिलं होतं, तो जिन्यावरच तडकला. मॉनिटर खोक्यात होता, अजून चालतोय.

आयर्विनचा_कठडा | सायंकाळी ६:३२

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत होडी फिरली. मॉनिटरचं कुणाला सुचलं असेल असं वाटलं नव्हतं.

मिरज_जंक्शन | सायंकाळी ६:४०

हप्ते चालू होते हो.

पत्रिकावाली_ताई | रात्री ८:०५

गोडोलीचा गडी, एवढं वाचून काही कळायचं नाही. तुमचा लॅपटॉप घेऊन सांगलीला या आणि माझ्या स्क्रीनवर तुमचंच काम उघडून बघा. फक्त लग्नसराई सुरू व्हायच्या आत या.

गोडोलीचा_गडी | पुढचा रविवार, रात्री ९:३०

ताईंकडे जाऊन आलो. (पेढे नेले होते, भडंग घेऊन आलो. तह झालाय.)

माझीच फाइल उघडली. प्रथमदर्शनी सांगायचं तर "अरे बापरे" असं काही झालं नाही. स्वच्छ दिसत होतं, इतकंच. तासभर बसलो, चहा झाला, गप्पा झाल्या. रात्री घरी येऊन जुना मॉनिटर लावला आणि वाटलं चष्म्यावर वाफ धरलीय. काच पुसूनही बघितली. तेव्हा कळलं.

३२ इंची मात्र मला मोठा. कोपऱ्यातली वेळ बघायला मान वळवावी लागत होती, माझ्या दोन फुटी टेबलावर तर जास्तच होईल. म्हणून २७ इंची ४के, १४४ हर्ट्झ, आयपीएस प्रकारच्या पडद्याचा, टाइप-सी असलेला मागवला. ३८ पर्यंत गेलं. वरचे तीन हजार कुठून आले ते घरी सांगितलेलं नाही.

गोडोलीचा_गडी | बुधवार, रात्री ११:५०

मदत! डेस्कटॉपवर झकास आहे, १४४ दिसतंय. ऑफिसच्या लॅपटॉपवर माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतोय. सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ, वर जातच नाही. केबल बदलून पाहिली. मॉनिटर खराब आला का?

पुणेकर_नाइलाजाने | गुरुवार, सकाळी ७:५५

मॉनिटर ठणठणीत आहे. लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ असणार. त्यातून ४के ३०लाच जातं, सोन्याची केबल लावली तरी. टाइप-सीने लावा. पण तुमच्या लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का ते बघा, शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेचं चिन्ह असतं. आणि मोबाइलच्या चार्जरची केबल नको, ती बहुधा नुसती चार्जिंगची असते. मॉनिटरच्या खोक्यात आलेली लावा.

गोडोलीचा_गडी | सकाळी ९:१०

खोक्यातली लावली. चित्र आलं, लॅपटॉप चार्जही होतोय. पण अजून ३०च!

पुणेकर_नाइलाजाने | सकाळी ९:१८

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जा. टाइप-सी किंवा यूएसबी असं काहीतरी असेल, तिथे यूएसबी ३ असेल ते २.० करा. त्या केबलीत वाटा ठरावीक असतात. मॉनिटरच्या मागच्या यूएसबी पोर्टांना वेग हवा म्हणून निम्म्या तिकडे जातात आणि चित्राला उरलेल्या. पेनड्राइव्ह थोडा हळू चालेल, बाकी काही नाही.

गोडोलीचा_गडी | सकाळी ९:२६

६०!!! तुम्ही साताऱ्याला आलात की पेढे माझ्याकडून.

कराडचा_मास्तर | सकाळी ९:४०

मेलेला पिक्सेल निघाला का?

गोडोलीचा_गडी | सकाळी ९:५२

निघाला होता, उजवीकडे वर. रात्रभर झोप नाही. सकाळी ताईंची पद्धत वापरली, बोटाने पुसला. गेला.

पत्रिकावाली_ताई | सकाळी १०:०१

:D :D बोटाने नाही, मायक्रोफायबरने!

नाद_एकच | सकाळी १०:३०

व्हॅलोरंट कसा चालतोय ते बोल.

गोडोलीचा_गडी | सकाळी १०:४४

१०८०पी, इंटीजर स्केलिंग, १४४. लोणी. हरतो मात्र पूर्वीइतकाच.

करंजेकर | दुपारी १२:१५

धागा आत्ता वाचला. जुना २४ इंची देणार का? साताऱ्यातच आहे, संध्याकाळी येऊन घेऊन जातो. पिवळ्या डागाचं चालेल.

गोडोलीचा_गडी | दुपारी १२:२०

आईने घेतला. शिवणाच्या मशिनशेजारी ठेवलाय, ब्लाउजचे गळे बघायला. तिच्याशी बोला.